आन्निकाचा फोटो आणि गोनारियोचा झेंडा

तोरिनो, १६ एप्रिल १९८९

ती. बाकिसियाक्कास,
धाकट्या प्रियामोचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. डावा गुडघा तेवढा वेगळा संसार थाटायच्या विचारात आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सकाळी पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो, आणि आज तिसऱ्या पानावर कोण दिसावं? आपल्या दादाची लेक, आपली आन्निका. छाती फुगली. चहाचा कप खाली ठेवून शेजारच्या मारिउच्चाबाईंना हाक मारणार, तेवढ्यात मथळा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला.

पेपर म्हणतो की जूनच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या आन्निका मोलेद्दा यांचे, आपलं बेट इटलीपासून तोडायला निघालेल्या 'विभक्त सार्दिनिया' पक्षाशी छुपे संबंध आहेत, आणि बेटाच्या राजधानीत, काल्यारीत बसलेले त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे पुढारी खुलासा मागताहेत. फोटोत तिने गोनारियोचा हात आपल्या दोन्ही हातांत धरलाय. मागे त्याचं ते फाटक, त्यावर तो झेंडा आणि 'इटली, चालती हो' ही लाल अक्षरं. हा तोच गोनारियो ना, जो शाळेत माझ्या शेजारी होता आणि बाक रोमच्या सरकारचा म्हणून जमिनीवर बसायचा?

अक्का, खरं काय ते लिही. मला राहवत नाही. आपल्या डोंगरातल्या बाईला मोठ्या पक्षाने तिकीट द्यायची ही पहिलीच वेळ, ते असं हातचं जाणार का? आणि गोनारियोच्या पक्षात हल्ली माणसं किती? मी गाव सोडलं तेव्हा तो आणि त्याचा मेहुणा असे दोघे होते, त्यातला मेहुणा फक्त वाइनसाठी. आणखी एक. फोटोच्या खालच्या कडेला काहीतरी केसाळ दिसतंय. भिंगातून पाहिलं, कळलं नाही. आन्निकाने कुत्रा पाळलाय का?

उत्तर लगेच दे. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझा, प्रियामो

ओर्तुले, २४ एप्रिल १९८९

चि. प्रियामो यास,
बाकिसियाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून वाटलं, पोलीस ठाण्याचं समन्सच आलंय. इतके प्रश्न तर इथला हवालदारसुद्धा विचारत नाही. एकेक करून घे.

गोनारियोच्या पक्षात सध्या सात जण आहेत. त्यातला एक ठार बहिरा आहे, त्याला अजून वाटतं की ही शिकाऱ्यांची मंडळी आहे. बैठक गोनारियोच्या स्वयंपाकघरात होते. दर ईस्टरला तो गावच्या वेशीवर टेबल टाकून बसतो, बाहेरून येणाऱ्यांकडे पासपोर्ट मागतो, नसला की एक पेला वाइन पाजून आत सोडतो. आमच्या प्रजासत्ताकाचा एवढाच काय तो दरारा.

आता आन्निकाचं. काल्यारीहून दोघे साहेब आले होते. त्यांनी तिला दोन वाक्यं लिहूनच आणली होती, की या माणसाशी माझा काही संबंध नाही, आणि मी त्याचा निषेध करते. सही केलीस तर तिकीट राहील. ती म्हणाली, माझं कुरण त्याच्या कुरणाला लागून आहे, संबंध नाही असं कसं म्हणू? त्यांनी विचारलं, मग फोटोत हातात हात घेऊन काय चाललं होतं? त्यावर तिने तोंडाला जे कुलूप लावलं, ते लावलं. मीही खोदून पाहिलं. थेट बापावर गेलीय पोर. एवढी आठ वर्षं सरपंचकी केली, दवाखाना आणला, आणि आता तिच्या गप्प बसण्याला लोक कबुली म्हणतात. मला रात्री झोप लागत नाही.

तुला एवढंच सांगते. गेल्या ऑगस्टात गोनारियोच्या टेकडीला वणवा लागला. कळप वाड्यात कोंडलेला होता, एक मेंढी वाचली नाही. आठवडाभर तो दाराबाहेर आला नाही. फोटो त्यानंतरचा आहे. बाकी तू या गावात जन्मलास, डोकं चालव. आणि तो कुत्रा नाही.

गुडघ्याला मेंढीची चरबी चोळ. आठवण ठेवतोस, तशीच ठेव.
तुझी, अक्का

तोरिनो, ३ मे १९८९

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पारादूरा! अगं, मी विसरलोच कसा? कुणाचा कळप आगीत, रोगात नाहीतर चोरीत गेला की घरटी एक मेंढी त्याच्या फाटकात नेऊन सोडायची, मग तो मित्र असो की वैरी. माझ्या लहानपणी एका हिवाळ्यात आपल्या बाबांचा कळप खुरकतीच्या रोगाने गेला तेव्हा फाटक धरून मीच उभा होतो. मेंढ्या येतच राहिल्या होत्या. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, ते का, हे तेव्हा कळलं नव्हतं.

म्हणजे फोटोतलं केसाळ ते मेंढीची पाठ! पेपरवाल्याने मेंढी कापली आणि झेंडा ठेवला. मला बसवेना. कोट चढवला आणि थेट पेपरच्या कचेरीत गेलो. बातमी लिहिणारा वाल्लारिनो म्हणून आहे, माणूस सभ्य, कॉफी पाजली. त्याला सगळी रीत समजावून सांगितली, की माझ्या पुतणीने गोनारियोला मेंढी दिली, बस, एवढाच संबंध. त्याने शब्दन् शब्द उतरवून घेतला. परवा छापून येईल. काल्यारीच्या साहेबांची तोंडं बघायला तू समोर हवीस.

चीज पाठवायला हरकत नाही, या वेळी कमावलंय. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, प्रियामो

ओर्तुले, ९ मे १९८९

ती. प्रियामोकाकांस,
आन्निकाचा सा. न.

पेपर इथवर पोचला. मथळा असा आहे: 'फुटीरांना उमेदवाराची जनावरांची मदत, काकांचा दुजोरा'. पक्षाने रविवारपर्यंत मुदत दिली आहे. सही केली नाही तर नाव मागे घेतील.

तुम्ही मायेपोटीच केलंत, हे मला ठाऊक आहे. रागावलेली नाही. पण गोनारियोकाकांनी दोन दिवस कळप बाहेर काढलेला नाही. माझ्या तिकिटापेक्षा मला त्याचं जास्त लागलंय.

आत्या तुमच्यावर चिडली आहे, तिला आधी पत्र लिहू नका. लोभ कमी झालेला नाही, तुमचाही होऊ नये.
आन्निका

ओर्तुले, १७ मे १९८९

चि. प्रियामोस,
अ. आ.

अर्धी रीत लक्षात ठेवलीस आणि अर्धी तोरिनोच्या धुक्यात हरवलीस. अरे, मेंढी कुणाची हे तिच्या कानाला पाडलेल्या खुणेवरून गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण देणाऱ्याने बोलायचं नाही. घेणाऱ्याला वाटलं तर तो बोलेल. मी दिली असं देणारा म्हणाला की त्या मेंढीची भीक होते. म्हणून बाबा भिंतीकडे बघत होते आणि देणारेही जमिनीकडे. आन्निका एका वाक्यात सुटली असती. ते वाक्य तिने गिळलं, आणि तू ते पेपरात छापून आणलंस. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता रविवारचं ऐक. सभागृह गच्च भरलं होतं. काल्यारीचे साहेब दोन गाड्या भरून आले होते. आन्निका उभी राहिली, रस्त्याचं बोलली, दुधाच्या भावाचं बोलली, मेंढीचं अवाक्षर नाही. साहेबांनी विचारलं, सही करणार का? तिने मान हलवली, नाही. त्यांनी नाव मागे घेण्याचा कागद बॅगेतून काढला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून गोनारियो उठला. अंगात काळा मखमली सूट, मयताला घालतो तो. आम्हाला वाटलं, आता घोषणा देऊन सगळ्यावर पाणी ओततो. तो म्हणाला की वीस वर्षं या पोरीच्या बापाला आणि नंतर पोरीला मी पक्षात या म्हणून विनवतोय, दोघांनीही मला झाडूने हाकललंय. माझे सातही सभासद याच बाकावर बसलेत, मोजून घ्या. ती आठवी असती तर मी चर्चची घंटा वाजवली असती.

लोक हसले. मग त्याने टोपी काढली. प्रियामो, त्याचं टक्कल मी प्रथमच पाहिलं. तो म्हणाला की ऑगस्टात माझ्याकडे काही नव्हतं, आज कळप आहे, आणि त्यातली एकही मेंढी माझी नाही. कम्युनिस्टांची आहे, पाद्रीबाबांची आहे, हवालदाराच्या बायकोची आहे, ज्याच्याशी मी बांधावरून कोर्टात भांडतोय त्याचीही आहे. मेंढी म्हणजे संबंध असेल तर मोठी गाडी मागवा आणि सगळं गाव घेऊन जा. ज्या माणसाने जन्मात कुणाचे आभार मानले नाहीत, त्याने ते भरल्या सभेत, उघड्या डोक्याने, त्याच्या मते परक्या देशाच्या पक्षासमोर मानले. त्याचे कान लाल झाले होते. आन्निका ढसाढसा रडली, मीही रडले.

साहेबांपैकी एकाचा बाप मेंढपाळ होता म्हणे. जमिनीकडे बघत त्यानेच कागद परत बॅगेत घातला. तिकीट राहिलं. परक्यांच्या सभेत बोलला म्हणून गोनारियोच्या पक्षातून मात्र दोघांनी राजीनामे दिले. उरले पाच, बहिरा धरून.

एक गोष्ट तुला कधीच सांगणार नव्हते, पण तू भांडं फोडलंच आहेस तर ऐक. ऑगस्टात आपल्या वाड्यातून दोन मेंढ्या गेल्या. एक माझ्या घरची, एक तुझ्या घरची. तू तिकडे गेलास म्हणून ओर्तुल्यातलं तुझं घर मोडलं असं इथे कुणी धरत नाही. तुझी ती पांढऱ्या कपाळाची होती.

चीज पाठवत नाही, शिक्षा आहे. राग उतरला की माया तिथेच असते, ती सांभाळ.
तुझी, अक्का

तोरिनो, २८ मे १९८९

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो. मला वाटायचं, गावाने माझं नाव केव्हाच पुसलं. सुट्टीत येतो तेव्हा सगळे पाहुण्यासारखं वागवतात, उत्तम खुर्ची देतात, आणि त्या खुर्चीचंच मला वाईट वाटायचं. नऊ महिने माझी मेंढी त्या टेकडीवर चरतेय आणि मला पत्ता नाही. शेवटच्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. डोळे भरले, हे तुला सांगायला लाजत नाही.

परवा वाल्लारिनोचा फोन आला. माणूस हुशार आहे. म्हणाला, तुम्हीच सांगितलंत की घरटी एक मेंढी जाते, मग तुमच्या घरची गेली का? तुमचाही त्या पक्षाशी संबंध आहे का? अक्का, माझ्या पोटात काही राहत नाही हे तू जाणतेसच. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी म्हटलं, तोरिनोत हवा बरी आहे. त्याने पुन्हा विचारलं. मी त्याच्या आईची तब्येत विचारली. तो म्हणाला, मग तुम्ही उत्तर द्यायला नकार दिलात असं छापावं लागेल. मी म्हटलं, छापा.

आज आलंय. नाव पूर्ण छापलंय, गाव ओर्तुले असं छापलंय, तोरिनो नाही, आणि पुढे लिहिलंय की यांनी काही सांगितलं नाही. मारिउच्चाबाई विचारत होत्या की हे काय प्रकरण आहे. त्यांनाही सांगितलं नाही.

कात्रण सोबत जोडलंय. गोनारियोला दाखव, पण बोलू नकोस काही. जशी आजवर मला धरून राहिलीस, तशीच पुढेही राहा.

तुझा,
प्रियामो मोलेद्दा, ओर्तुलेकर