पाण्याचं बटण

वसमत,
शुक्रवार, सकाळ

प्रिय सुकन्या,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. सहा वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस. मग शिवहारला लावला, तर तो म्हणाला, "ताई बोलून न्हाई राहिली, तुमी आता फोन नका करू." लहानपणी माझ्या डब्यातली अंडी पळवणाऱ्या तुझ्या भावानं मला 'तुमी' म्हणावं! म्हणून लिहायला बसले. आमचे हे, मुजफ्फर, आज मोटार वायंडिंगचं दुकान बंद ठेवून हिंगोलीच्या गाडीनं निघालेत. तुझ्या हातात दिल्याशिवाय ते परत फिरणार नाहीत.

रिझवाननं चार दिवसांत पाण्याचा एक घोट घेतलेला नाही. दवाखान्यात सलाईन चालू आहे. दोनदा त्यानं सुई उपसून काढली, म्हणून काल माझ्याच ओढणीनं त्याचे हात खाटेला बांधले. मी बांधले, सुकन्या, दुसऱ्या कुणी नाही. नर्सबाई दर तासाला येऊन विचारतात, "लेकरू पाणी काहून घेईना?" काय सांगू त्यांना? त्याचा पाणी मागायचा आवाज मी पुसून टाकला, असं सांगितलं तर मलाच खाटेवर घेतील.

'अंगण' येण्याआधीचे हाल तू पाहिलेत. यांच्या मोबाईलवर तो पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरताना बघत बसायचा, आणि मध्येच किंचाळणारी जाहिरात आली की मनगट चावून रक्त काढायचा. तू शिकवतेस त्या शाळेत अशा मुलांसाठी आलेलं ते 'अंगण' तू आमच्या टॅबमध्ये घालून दिलंस. मोठ्यांनी निवडलेलं तेवढंच इंटरनेट उघडणार, जाहिरात नाही, दचकवणारं काही नाही, आणि बोलता न येणाऱ्या लेकरासाठी चित्रांची बटणं. पाण्याचं चित्र दाबलं की "मला पाणी पाहिजे" ऐकू येणार. आवाज आपणच भरायचा होता. मी लाजले, माझा आवाज चिरका येतो म्हणाले. लहानपणी आपल्या शाळेत रोज प्रतिज्ञा तू म्हणायचीस, आम्ही तुला रेडिओ म्हणायचो. तेव्हा "बोल की रेडिओ" म्हणत टॅब मीच तुझ्या हातात दिला. हे नीट आठवतंय मला, विसरले नाही.

तीन महिने त्यानं ढुंकून पाहिलं नाही. तरी तू दर शनिवारी हिंगोलीहून येतच राहिलीस. आणि मग एका शनिवारी त्यानं ते बटण दाबलं. सात वर्षांच्या माझ्या लेकरानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. त्या दुपारी त्यानं अकरा ग्लास पाणी मागितलं आणि आपण दोघी वेड्यांनी अकराही दिले. नंतर चटई धुवायला तूच बसलीस. तेव्हापासून त्याचा नियमच झाला, आधी बटण, मग तुझा आवाज, मग ग्लास. न मागता दिलेलं पाणी तो ढकलून द्यायचा, आणि आम्हाला त्याचंही कौतुक वाटायचं.

आमच्या सासूबाईंचं तुला माहीतच आहे. पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "पोट्टा पानी बी मराठीच में मंगता, अपनी जबान कब सीखेगा?" त्यांच्या बोलण्यात तिखटपणा असतो, विष नसतं. लेकरानं तुझ्या आवाजात मागितलं की त्याच सगळ्यात आधी ग्लास घेऊन धावायच्या. पण मला निमित्त हवं होतं, ते सासूबाईंच्या या टोमण्यानं दिलं. मागच्या महिन्यात त्यांच्यासमोरच मी तुला म्हणाले, आता शनिवारी येत जाऊ नकोस, त्याला तुझी सवय लागली आहे. तू चपला घातल्यास. तेवढ्यावर माझं भागलं नाही. तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंना फोन करून मी सांगितलं, की आम्हाला न विचारता तू तुझा आवाज भरलास. त्यांनी तुझ्याकडून लेखी खुलासा मागितला, हे मला शिवहारकडून कळलं. सुकन्या, मी खोटं बोलले. ते खोटं होतं, हे आज सकाळी बाईंना फोन करून सांगितलंय. त्या म्हणाल्या, लिहून द्या. तोही कागद यांच्याजवळ दिला आहे, वाचून तूच त्यांना दे.

सोमवारी मी सगळी बटणं माझ्या आवाजात, आमच्या घरच्या बोलीत भरली. "जुना आवाज काढून टाकायचा का?" असं 'अंगण'नं दोनदा विचारलं, मी दोनदा हो केलं. चांगलीच खूश होते गं मी. रिझवाननं पाणी दाबलं, ऐकलं, आणि हात मागे घेतला. पुन्हा दाबलं. मी मोजत नव्हते, पण पोळ्या लाटून झाल्या तरी तो दाबतच होता. ग्लास पुढे केला तर ओठ घट्ट मिटले. मग त्यानं टॅब पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी अंग तापलं, लघवी बंद झाली, उचलून इथे आणलं.

जुनं काही परत मिळत नाही, विचारून झालं. मग मी तुझे मोबाईलवरचे जुने निरोप उपसले. "पोचले गं", "गाडी चुकली", "मीठ कमी होतं तुझ्या भाजीत". दोन वर्षांच्या निरोपांत एकदाच पाणी सापडलं, "नळाला पाणी आलं का?" ते त्याच्या कानाशी लावलं. त्यानं फोनवर गाल टेकवला, डोळे मिटले, पण ओठ उघडले नाहीत. त्याला ते तसंच, त्याच चालीत हवं आहे. डॉक्टर म्हणतात, तोंडानं पाणी जायला लागलं नाही तर उद्या नांदेडला हलवा. तिथे तरी ते काय करणार, सुयाच टोचणार ना? मला काही सुचत नाही. माझा जीव जाईल असं वाटतंय.

तुला खरं कारण सांगायचं राहिलंय. तुझा शेवटचा शनिवार होता. मी आत कणीक मळत होते. बाहेर बटणाचा आवाज आला, "अम्मी". तो तर रोजच यायचा. पण त्यामागून दुसरा आला, जाड, अडखळत, पण चाल अगदी तुझी, शेवटी जरा लांबवलेली. कणकेच्या हातानं धावत आले. त्यानं तोंडानं म्हटलं होतं, सुकन्या, तोंडानं! आणि तो तुझ्याकडे बघत होता. तू रडत होतीस आणि मी कोरडी उभी होते. मला वाटलं, माझ्या लेकरानं अम्मी म्हटलं ते तुला. त्या दिवसापासून तुझा आवाज मला घरात सोसवेना. जबान आणि सवय, सगळी सोंगं होती.

काल हात बांधल्यावर तो ओरडला नाही. बांधलेल्या बोटांनी त्यानं माझी बाही धरली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "अम्मीऽ". तुझ्याच चालीत. खोलीत तू नव्हतीस, टॅब नव्हता. हाक मलाच होती गं. तेव्हाही मलाच असेल, आवाज फक्त तुझा होता. म्हणून हे लिहिलं. यांच्याबरोबर ये. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस, मी दाराबाहेर थांबेन. येणं नसेल तर यांच्या फोनमध्ये तरी बोलून दे. आधी पाणी भर, मग दुखतंय, मग बाकीचं. आणि अम्मीसुद्धा तूच भर. माझ्या लेकरानं मला ज्या आवाजात हाक मारली, तो आवाज मला परत दे.

तुझीच, तू मानलंस तर,
फरहीन