लंकाबाईचा पाय

सोमवार, ता. ८ ऑक्टोबर १९४५, बोरखडी

पोहोचलो एकदाचा! नगरहून शेवगावपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे पाच कोस बैलगाडी. वाटेतल्या एकाही खड्ड्याने माझ्या मानेची विचारपूस केल्याशिवाय सोडलं नाही. पण हवा छान आहे, बाजरीची काढणी चालली आहे, आणि खोली आमच्या नगरच्या बिऱ्हाडापेक्षा ऐसपैस आहे. घरमालक लालमहंमद पिंजारी. उंच, ताठ, बोलायला गोड. माझ्यासाठी त्याने मुद्दाम कापूस पिंजून नवी गादी भरून ठेवली होती.

रोजनिशीची हौस मला नाही. बारा वर्षं छापखान्यात खिळे जुळवून लोकांचं लिहिलेलं छापतो आहे, त्यामुळे आपणही काही लिहावं असं कधी वाटलं नाही. पण आमचे फोरमन काकासाहेब म्हणाले, आसाराम, रोज थोडं लिहीत जा, म्हणजे बोटं झोपणार नाहीत. माझ्या मानेत नस धरली आहे. ती खांद्यातून उतरत अंगठ्यापर्यंत जळत जाते, आणि मग अंगठा नि दोन बोटं बधिर. खिळे हातातून गळतात. डॉक्टरांचं मलम झालं, वैद्यांचं तेल झालं, एका पहिलवानाने मान मोडून दिली तेव्हा तर आठ दिवस पाणीही डाव्या हाताने प्यालो. काकासाहेबांनी माझी जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली आहे, पुढे मालक थांबणार नाहीत.

खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा मला दुसरंच लागून राहिलं आहे. ठकू तीन वर्षांची झाली, आणि तिला उचलून घेऊन सहा महिने होऊन गेले. ती दोन्ही हात वर करून उभी राहते आणि मी दुसरीकडे बघतो. उद्यापासून नऊ दिवस रोज सकाळी इथल्या लंकाबाईचा पाय मानेवर घ्यायचा आहे. गुण यावा, एवढंच देवाकडे मागणं.

मंगळवार, ता. ९

लंकाबाई साठीची असेल. विधवा, कृश, बोलणं तुटक. ती पायाळू आहे, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी आली. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते हे माझी आईही सांगायची, पण हिचं नाव पार पारनेर-कोपरगावपर्यंत पोहोचलेलं.

सूर्य उगवताना तिच्या ओट्यावर घोंगडीवर पालथं पडायचं. ती आढ्याला बांधलेला दोर धरून उभी राहते. तापवलेल्या विटेवर तळपाय शेकते, करंजाच्या तेलाने माखते, मग टाचेने खांद्यापासून वर वर नस चोळत येते. शेवटी अख्खा पाय मानेवर ठेवते आणि श्वास सोडायला सांगते. आज आत काहीतरी ‘टक्’ वाजलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिचा अंगठा मानेच्या खळग्यात बसला तेव्हा तिथे काहीतरी थंडगार टोचलं.

नियम एकच. पाय उचलला की उठायचं, ओटा उतरायचा आणि चालू लागायचं. ‘माझ्या पायाला हात लावायचा न्हाई, पाया पडायचं न्हाई,’ असं तिने तीनदा बजावलं. लालमहंमदनेही काल तेच सांगितलं होतं; त्याचाही खांदा तिनेच बरा केलेला. म्हातारीला संकोच वाटत असेल. मी मान डोलावली, म्हणजे डोलते तेवढी.

शुक्रवार, ता. १२

आज अंगठ्याला चहाच्या पेल्याचा चटका बसला! वच्छलेला कळलं तर म्हणेल, नवरा भाजला म्हणून नाचतो. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या बोटाला काही कळलं. मी पेला खाली ठेवून पुन्हा उचलला, पुन्हा चटका घेतला.

इथे पाणी भरणारी गोजरबाई नावाची बाई आहे, तिशीच्या आतली. तिची हनुवटी छातीला टेकलेली. घागर डोक्यावर घेता येत नाही म्हणून कडेवर घेते आणि स्वतःच्या पावलांकडे बघत चालते. एवढी मोठी लंकाबाई गावात असून हिला का बरं करत नाही, असं मी लालमहंमदला विचारलं. त्याने बाजरीच्या भावाचा विषय काढला.

सोमवार, ता. १५, दसरा

गमतीचं गाव आहे. सोनं वाटत सगळे घरोघर फिरले, पण कुणी कुणाच्या पाया पडलं नाही. उभ्या उभ्या पानं द्यायची आणि ताठ मानेने पुढे जायचं. मी आपला सवयीने गोजरबाईच्या सासऱ्याला, सहादेव म्हाताऱ्याला, नमस्कार करायला वाकलो, तर पायाशी साप निघाल्यासारखा तो मागे उडाला. पानं सगळी धुळीत. मला हसू आवरेना, पण बाकी कुणी हसलं नाही.

वच्छलेचं पत्र आलं. ठकू नमस्कार करायला शिकली आहे. आल्यागेल्याच्या पायांवर सपशेल डोकं टेकते, आणि बाबा आले की दोनदा करणार म्हणते. मी उजव्या हाताने उत्तर लिहिलं, चार ओळी, एकही अक्षर न थरथरता.

एक बारीकशी गोष्ट. आज पाय शेकताना पाहिलं. लंकाबाईच्या बोटांत जोडवी नाहीत. विधवेला कुठून असणार? मग मानेला रोज ते थंड काय लागतं?

बुधवार, ता. १७

बरा झालो! पूर्ण बरा!

नववा पाय झाला. उठून बसलो तर मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, वर आभाळाकडे गेली. ओट्याजवळ ज्वारीचं भरलं गाठोडं होतं, ते मी उजव्या हाताने उचललं आणि खाली ठेवलं. आणि मला रडू फुटलं. ठकू डोळ्यांसमोर आली, दोन्ही हात वर केलेली. मी वळलो आणि काही कळायच्या आत लंकाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

ती किंचाळली. पाय काढून घ्यायला गेली, पण मीच ते घट्ट धरले होते. मग ती खाली बसली आणि तोंडावर पदर घेतला. मी माफी मागितली. नियम मोडला खरा, पण आईसारख्या बाईच्या पाया पडण्यात कसलं पाप? उद्या निघतो.

गुरुवार, ता. १८

शेवगावला मोटारीत बसलो होतो. मागच्या बाकावरच्या कुणीतरी मानेवर पाय ठेवला असं वाटून रागाने वळलो. मागे बाकच नव्हता.

बोरखडीला परत आलो आहे. दुखत नाही. हात उत्तम चालतो. फक्त मानेवर भार आहे, एका पायाचा. टाचेच्या भेगासुद्धा कळतात.

शनिवार, ता. २०

लंकाबाई आज भेटली. दोन्ही पाय घोंगडीखाली घेऊन बसली होती. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

ती पायांनी आली आणि त्यातच तिची माय गेली. सवाष्ण होती. जोडवी तशीच ठेवून तिला जाळली. बाळंतपणाच्या बाजेवरून तिचे पाय पुन्हा भुईला लागलेच नाहीत. तेव्हापासून तिला टेकायला जागा लागते. ‘पाय माजा हाय, भार तिचा हाय. मी ठिवते, मीच उचलते. तुमी आपनहून डोकं दिलंत. आता उचलायचं माज्या हाती न्हाई.’

हे आधी का सांगितलं नाही, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मान दिली असती का? आणि मग ती रडली. माझ्याहून जास्त रडली.

मंगळवार, ता. २३

मान चार बोटं खाली गेली आहे. समोरच्या माणसाच्या छातीपर्यंतच दिसतं.

लालमहंमदला विचारलं, तुझाही खांदा तिनेच बरा केला ना? मग तू ताठ कसा? तो म्हणाला, ‘आमी अल्लाबिगर कुनाम्होरं वाकत न्हाई, मास्तर. तेवड्यानं सुटलो.’ मग त्याने सहादेवची गोष्ट सांगितली. सहादेव अकरा वर्षांपूर्वी असाच बरा झाला आणि असाच वाकला. दोन वर्षं त्याने जमिनीशिवाय काही पाहिलं नाही. मग मुलाचं लग्न झालं. नवी सून माप ओलांडून आत आली आणि सासऱ्याच्या पाया पडली.

सहादेवची मान तिथल्या तिथे वर आली, सगळ्या वऱ्हाडासमोर. सून उठली ती तशीच, वाकलेली. ती गोजरबाई.

त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

शुक्रवार, ता. २६

वच्छलेला लिहिलं, बरा आहे, काम आहे, येऊ नकोस. कारण काय लिहिणार? अक्षर मोत्यासारखं आलं. या हाताचा मला संताप येतो.

आता गुडघ्यापर्यंतच दिसतं. भाकरी छातीशी धरून खातो. लंकाबाईच्या मायने आज दुसरा पायही ठेवला. दोन्ही पायांची जोडवी लागतात.

रविवार, ता. २८

गोजरबाई पाणी ठेवून गेली. फक्त तिचे पाय दिसले, तिला माझे. मी विचारलं, सवय होते का? ती म्हणाली, भाराची व्हते. ‘लेकराचं तोंड दिसत न्हाई, त्याची न्हाई व्हत.’

बुधवार, ता. ३१

पत्र आलं. वच्छला घाबरली आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिचा भाऊ बन्सी तिला नि ठकूला घेऊन येतोय. ठकू नव्या परकरात बाबांना दोनदा नमस्कार —

दोनदा.

लालमहंमदच्या हातापाया — नाही, पाया नाही. त्याचे हात धरून सांगितलं. तो दारात उभा राहणार. पोरीला आत सोडणार नाही. शेवगावला जुम्याची नमाज करून उन्हं कलायच्या आत परत येतो म्हणाला.

गुरुवार, ता. १ नोव्हेंबर

हनुवटी टेकली. वहीशिवाय काही दिसत नाही.

रात्रभर एकच विचार मनात. मी बापच आहे ना? तरी तो विचार आला. ती लहान आहे, तिचं हाड कोवळं, तिला कदाचित — असं मी मनात म्हटलं. मी म्हटलं. लिहून ठेवतो, म्हणजे नाकारता येणार नाही.

शुक्रवार, ता. २

दुपार. लालमहंमद अजून आला नाही. लंकाबाईसारखे पाय घोंगडीखाली घेतले आहेत, चारी बाजूंनी खोचून. दाराची कडी उंच आहे, हाताने चाचपून लावली.

घुंगरं. बैलगाडीची. आत्ता? संध्याकाळी येणार होते —

बन्सीचा आवाज. वच्छला हाक मारते आहे. म्हणते, दार तर नुसतं लोटलेलं —

कडी लावली होती. लावली होती ना?

उंबऱ्यावर दोन पावलं. एवढीशी. चांदीचे वाळे, हिरव्या परकराचा काठ. बाबा म्हणते आहे. ओरडतो, आत्ता ओरडतो, एवढं वाक्य —

घोंगडी बाजूला आहे. माझे पाय उघडे आहेत. कुणी सरकवली? मी नाही. हा हात तर लिहितो आहे, मग डाव्याने — ठकू, नको, बाळा, उभी राहा, नुसती उभी —

केस लागले पायाला. मऊ —

छप्पर दिसतं आहे. वच्छलेचं तोंड दिसतं आहे. किती हलकं, देवा, किती —

दुसऱ्यांदा वाकते आहे. नाही. वाकत नाहीये, तिची मान —