तिसऱ्या डब्यातला दिवा

मी, महादेवराव किसनाजी धोटे, एसटी डेपोतून निवृत्त इलेक्ट्रिशियन, राहणार आर्वी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचा भरवसा नाही असे नागपूरचे डॉक्टर म्हणतात, म्हणून घाई.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात दोन्हींवर पत्नी सुमित्राबाई हिचा तहहयात हक्क राहील व तिच्यानंतर सर्व मुलगी रुचिका हिला मिळेल. अट एकच. रुचिकाने आईला सेलूला आपल्या घरी नेऊ नये, स्वतः इथे येऊन राहावे. मधल्या खोलीत मांडलेली छोटी रेल्वे हलवता येत नाही, आणि सुमित्रा त्या रेल्वेपुढून हलत नाही.

२. ती रेल्वे मी आणि मुलगा रजत, आम्ही मिळून केली. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत निळ्या शर्टाचा बाहुला आहे, तो रजतने स्वतःचा म्हणून बसवला होता. पोळ्याला घरी येताना रजतच्या मोटारसायकलला ट्रकने उडवले. माझा एकच मुलगा होता. त्यानंतर सुमित्राचे विसरणे वाढत गेले. आता रोज संध्याकाळी ती गाडीसमोर बसते आणि त्या खिडकीकडे बोट दाखवून पोरगा वाटेत आहे, येतोच आहे असे सांगते, "रजत येऊन राह्यला जी."

डब्यातला दिवा लुकलुकला की मात्र तिचा जीव कासावीस होतो. "अंधार काऊन झाला? पोरगं मधातच उतरलं काय?" म्हणून रडत बसते. तो दिवा लुकलुकू न देणे हेच माझे निवृत्तीनंतरचे काम.

३. रुचिका, हे नीट वाच. कापसाच्या हंगामात जिनिंगची रुई उडून रुळांवर बसते, चाकांना वीज पोहोचत नाही. रोज दुपारी रूळ आणि चाके स्पिरिटच्या फडक्याने पूस. तिसऱ्या डब्याच्या सगळ्या चाकांवरून मी वीज घेतली आहे, एक चाक चुकले तर दुसरे देते. छताखाली कपॅसिटर आहे. रुळावरची वीज क्षणभर तुटली तरी त्यात साठलेल्या विजेवर दिवा टिकतो. बदलताना अधिक-उणे उलटे जोडू नको, फुटेल. बाकीचे डबे लुकलुकले तर लुकलुकू दे.

४. धाकटे बंधू प्रभाकरराव यांना माझ्याकडून काहीही नाही. "वैनी, रजत मेला, मानून घ्या आता," असे ते आले की तिला समजावत. तिला ते दर वेळी पहिल्यांदाच कळते. एका पोरासाठी आईने किती वेळा छाती पिटायची? मी त्यांना घराबाहेर काढले, त्याचा मला पस्तावा नाही. मयतीला यावे, मधल्या खोलीत पाय ठेवू नये.

५. माझी अवजारांची पेटी रुचिकाची. त्या पेटीत एका काडेपेटीत पांढऱ्या टोपीचा बाहुला आहे, मीच रंगवला. मी गेल्यावर सुमित्रा विचारेल, हे कुठं गेले. तिने विचारायच्या आधी तो बाहुला रजतच्या बाजूला चिकटव आणि गाडी सुरू कर. सांगजो, "बाबा रजतले आणाले गेलते. दोघंही येऊन राह्यले." त्या दिवशी तरी दिवा हलू देऊ नको.

वाचून पाहिले. खाली साक्षीदारांसमक्ष सही केली, त्यांनी माझ्यासमक्ष केली.

(सही) महादेवराव किसनाजी धोटे

साक्षीदार : नत्थूजी भोयर, शेजारी (सही)
धनंजय उमाटे, डेपोतील सहकारी (सही)

आर्वी, २१ नोव्हेंबर २०२४