लिंबांचा ताण

प्रिय ठमे,

पत्र पाहून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

लिंबांचं पाणी तोडून महिना होत आला. बहार धरायचा तर ताण द्यावाच लागतो; माती सुकली, झाड जरा तहानलं, की मगच ते फुलावर येतं. तू बसवलेले दोन्ही सेन्सर नीट चालतात. मुळांजवळचा केव्हाच लाल झाला, खोडाला बांधलेला मात्र बरेच दिवस हिरवा होता. म्हणजे माती कोरडी ठणठणीत, पण झाडाच्या अंगात पाणी शिल्लक. मला हे पानं माना टाकायला लागली की कळायचं. यंत्राला आधी कळतं, कबूल.

गेल्या वर्षी तिकडे बसून तू मातीचा लाल आकडा पाहिलास आणि मोबाइलवरूनच पाणी सोडलंस. झाडं तहानलेली तुला बघवेनात. ताण अर्ध्यात मोडला, नुसती पालवी फुटली, फूल औषधालाही सापडलं नाही. मग मी फोनवर ताडताड बोललो, पुन्हा बागेला हात लावू नकोस म्हणालो. चुकलो असं म्हणणार नाही, बहार गेलाच होता. तुझ्या आईला ते पटत नाही. तुझा फोन आला की ती अंगणात जाऊन बोलते आणि मी खिडकीशी उगाच काहीतरी शोधत बसतो. ऐकू काही येत नाही. तुझं हसणं तेवढं येतं.

या सोमवारी खोडाचा आकडाही लाल झाला. ताण पुरा झाला होता, त्याच दिवशी हलकं पाणी द्यायला हवं होतं. मी कॉकपाशी नुसता बसून राहिलो. म्हटलं, आता तरी ठमीला राहवणार नाही, सोडेल तिकडून पाणी. दुसऱ्या दिवशीही बसलो. मीच तुला हात लावू नकोस म्हटलं होतं, हे ठाऊक असून बसलो. पानांचा खाली सडा पडला, तेव्हा तुझी आई म्हणाली, बापलेकीच्या भांडणात झाडांचा जीव कशाला घेता. आज सकाळी मीच कॉक फिरवला. हे पत्र पोचेल तोवर तुझ्या मोबाइलवर दोन्ही आकडे हिरवे झालेले असतील. त्यावरून इथे सगळं ठीक आहे असं समजू नकोस.

तुझाच,
बाबा