पिसोळ्यांचा श्रावण

१४ जुलै २००१, शनिवार
पणजीहून बटरफ्लायफिशची जोडी आणली. डिचोलीत खाऱ्या पाण्याची टाकी फक्त माझी. एक मासा मोठा, एक लहान. आकारात फरक असला की तंटा कमी, असे पुस्तकात आहे. दुकानदार म्हणाला, नर-मादी ओळखता येत नाही. मला येते. मोठा नर, धाकटी मादी. मधे काच उभी केली. आठ दिवस नुसते दर्शन, मग संसार. शेवंती म्हणाली, लग्नाआधी आपल्याला एवढेही मिळाले नव्हते. ती त्यांना पिसोळीं म्हणते, म्हणजे फुलपाखरे. योग्य नाव वापरण्यास सांगितले.

१९ जुलै
दोन्ही मासे उपाशी, कोरड्या खाद्याला तोंड लावत नाहीत. शेवंतीने खाडीतल्या तिसरीचा शिंपला उघडून आत टाकला. दोघांनी कोरून साफ केला. माझे निरीक्षण कामी आले.

२१ जुलै
श्रावण लागला. गणेशचतुर्थीपर्यंत घरात मासळी नाही, तिसऱ्या नाहीत. वडिलांपासूनची शिस्त. शेवंतीने टाकीकडे बोट दाखवले. ह्यांचें किदें? नियम घराचा आहे आणि टाकी घरात आहे. पाकिटातल्या कोरड्या खाद्यावर राहतील.

२३ जुलै, सकाळ
काच काढली. मोठ्याने धाकटीला तीनदा कोपऱ्यात दाबले. काच परत. शेजारचा गोकुळदास खिडकीतून म्हणाला, मास्तर, भुकेलेलीं आसतलीं. हा माणूस खिडकीशी काय करतो?

२७ जुलै
खाद्याच्या चौकशीसाठी पणजी. दुपारी खानावळीत सुंगटांचे हुमण; कोळंबी ताजी, रस्सा दाट. नियम घराचा आहे, मी घराबाहेर होतो.

२ ऑगस्ट
मासे चकचकीत. कोरडे खाद्य लागू पडले. पाकीट मात्र होते तेवढेच आहे. चांगला माल पुरतो.

५ ऑगस्ट
जास्वंदीखाली तिसऱ्यांचे शिंपले. ओले. कुणीतरी श्रावण मोडत आहे. पहिला संशय गोकुळदासवर. पण शिंपले वीतभर खोल पुरले होते. गोकुळदास एवढे श्रम घेणार नाही. उरली शेवंती.

७ ऑगस्ट
तिच्या हातांना साबणाचा वास. म्हणजे आधी दुसरा वास होता. जेवताना तिने भात कमी घेतला. नोंद केली.

१० ऑगस्ट
पुन्हा पणजी. पुन्हा चौकशी. हुमण मागच्यापेक्षा बरे. बसमध्ये शेवंतीचा विचार करून वाईट वाटले. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि बाई चोरून खाते.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला जातो म्हणून निघालो, मागच्या दाराने परत आलो. शेवंती टाकीपाशी स्टुलावर उभी. मधली काच काढून भिंतीला लावलेली. तिच्या हातात उघडी तिसरी. दोन्ही मासे एकाच शिंपल्याला दोन बाजूंनी लागलेले. भांडण नाही. ती त्यांना म्हणत होती, सवकास, सवकास.
मी पुढे झालो. मासे दगडाआड गेले.
मी जे बोलायचे ते सगळे बोललो. शिंपले, साबण, भात. ती स्टुलावरून उतरली. मग म्हणाली, हांवें एकूय खावंक ना. हीं मरतलीं आशिल्लीं. हुमणाचो वास तुमच्या शर्टाक येता. दोनदां धुलो.
खिडकीत गोकुळदास होता. मी खिडकी लावली.

१८ ऑगस्ट
जोडी जमली. माझी पद्धत यशस्वी. मधली काच कायमची काढण्याचा निर्णय मी घेतला आहे. मी जवळ गेलो की मासे अजून लपतात. शेवंती आली की दोघे पुढे येतात. टाकीसमोरची माझी खुर्ची तिने व्हरांड्यात ठेवली.

२४ ऑगस्ट
गणपती काल पोचवले. आज घरात तिसऱ्या आल्या. पहिल्या चार टाकीत गेल्या. उरलेल्या शेवंतीने स्वतःपुरत्या केल्या. मी पाट मांडून बसलो. पुढ्यात वरण-भात आला. माझ्या तिसऱ्या कुठे, विचारले. म्हणाली, तुमी पणजे वचून खायात.
पुस्तकातले गटाचे प्रकरण वाचले. जमलेली मंडळी मागून आलेल्याला आत घेत नाहीत.
पणजीची बस उद्या साडेअकराची आहे. खाद्याची चौकशी तशीही राहिलीच होती.