मधल्या आवाजाची जागा रिकामी ठेवावी

मी, थॅडियस बॉयकिन, वय बहात्तर, निवृत्त पोस्टमन, राहणार बाल्टिमोर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा जुना गायनसोबती लेम्युएल अ‍ॅशबी उद्या काहीही बोलेल. यापूर्वीच्या प्रत्येक मृत्युपत्रात मी कोणावर तरी विश्वास टाकला होता; ती सगळी रद्द समजावीत.

१. राहते घर भाची व्हर्डेल हिला द्यावे. पुढच्या संगमरवरी पायऱ्या तिने दर शनिवारी घासाव्यात. शेजारीण मदतीला आली तर नको म्हणावे. ती खिडकीतून आत बघते.

२. बँकेतली शिल्लक चर्चच्या गायकवृंदाला द्यावी. ती छपरासाठी वापरू नये. छप्पर कायम दुरुस्तीत असते आणि कायम गळते. यात कुठेतरी पाणी मुरते आहे.

३. माझा लाल कोट माझ्याच अंगावर राहील आणि माझ्याबरोबर पुरला जाईल. लेम्युएलचा त्यावर डोळा आहे.

४. सूर काढायची गोल पिपाणी व्हर्डेलची. 'मेरिडेल्स' म्हणजे आम्ही चौघे, जिन्याखाली आवाज घुमतो म्हणून तिथे गायचो. पहिला सूर याच पिपाणीचा. ती सगळ्यांची होती असे लेम्युएल म्हणतो. ती माझ्या आईने घेतली होती.

५. आता तबकडीबद्दल. १९५६ साली आमचे एकच गाणे निघाले. स्टुडिओत माइक एकच, त्यामुळे कोणाचा आवाज किती हे उभे राहण्याच्या जागेवर ठरे. प्रत्येकाच्या बुटापुढे खडूची रेघ मारलेली. मुख्य गायक लेम्युएल सर्वांत पुढे, त्याच्या बाजूला मी, मधला आवाज. उंच सुरांचा पर्नेल, देव त्याला शांती देवो, पलीकडे. रॉस्को गेदर मागे, कारण त्याचा खर्ज भिंतीतूनही ऐकू यायचा. तबकडी शहरभर वाजली आणि तिच्यात मी नव्हतो. माझी रेघ कोणीतरी पुसून मागे सरकवली होती. लेम्युएलच्या बाहीला त्या दिवशी पांढरे लागले होते. व्हर्डेल म्हणते, "मामा, डोनटची साखर असेल." असेलही. पण त्या गाण्यात मी आहे असे सांगितले की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. याचे मला फार वाईट वाटते.

६. म्हणून अंत्यविधीला तेच गाणे व्हावे. लेम्युएल आणि रॉस्कोने गावे, पर्नेलची जागा गायकवृंदातल्या कोणी घ्यावी. माझी जागा कोणीही भरू नये. तिथे भोक पडलेले सगळ्यांना ऐकू येऊ दे.

७. लेम्युएल आणि रॉस्कोला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतो, आणि साक्षीदार मला हेच दोघे हवे आहेत.

८. (सहीपूर्वी जोडलेले.) लेम्युएलने वरचे वाचून पेन खाली ठेवले.

"थॅड, लेका, तुझ्या रेघेला मी हात लावला नाही," तो म्हणाला. "तूच गाताना सारखी मान वळवून माझ्याकडे बघत होतास. हा काय करतोय, हा काय करतोय. तोंड माइककडे ठेवलं असतंस तर आला असता की आवाज."

मी रॉस्कोकडे पाहिले. तो माझा माणूस.

"बघत होतास रे," रॉस्को म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुला माहितेय."

हे म्हणणे मला मान्य नाही. दोघे आधी ठरवून आले असावेत असा माझा संशय आहे. तरीही व्हर्डेलला माझी सूचना आहे: शवपेटीत माझी मान सरळ ठेवावी, लेम्युएल कुठेही उभा असला तरी.

सही: थॅडियस बॉयकिन
आमच्यासमोर सही झाली: लेम्युएल अ‍ॅशबी, रॉस्को गेदर
बाल्टिमोर, १४ मार्च २००९