ठिपका हलत नाही

४ मार्च, मंगळवार

ठरलं. बाबांना घड्याळ घ्यायचं. वेळ बघायला नाही. ते त्यांच्याकडे आहेच, माझ्या वयाचं आणि माझ्यापेक्षा वक्तशीर. हे धावणाऱ्यांचं, जीपीएसवालं. म्हणजे बाबा कुठे आहेत ते मला फोनवर दिसेल.

काल बाबा कालव्याकाठच्या वाटेवर पाय मुरगळून पडले. फोन घरी, चार्जिंगला. अख्खी सकाळ एका ओंडक्यावर बसून काढली. शेवटी गळ टाकायला आलेल्या कुणीतरी सायकलवर बसवून आणून सोडलं. आणि मी दातांच्या लॅबमध्ये, कुणाच्या तरी दाढेची कॅप घासत बसलेली! संध्याकाळी घरी आले तर पाय बादलीत आणि स्वारी रेडिओ ऐकतेय.

"काही नाही गं, जरा टेकलो होतो."

टेकलो होतो म्हणे. आई गेल्यावर हे पळायला लागले. त्याच सुमारास माझा संसार मोडला आणि मी इथे राहायला आले. तेव्हापासून दोघांचं बरं चाललंय. पण कालपासून दर थोड्या वेळाने मनात येतं — आणि तो गळवाला आलाच नसता तर?

६ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत असल्या घड्याळांवरचे लोकांचे अभिप्राय वाचले. वाचायला नको होते. एक गृहस्थ बोगद्यातून बाहेर येऊन घरी पोचले, जेवले, तरी घड्याळाच्या मते ते बोगद्यातच. एका बाईला ते पोहताना तळ्याच्या काठावरून चालवत होतं. एकाचं नुसत्या घामाने बंद पडलं — पळायचं घड्याळ! आणि ज्याने भरभरून कौतुक केलंय तो लिहितो, "कालच आलं, अजून खोका उघडला नाही, पण उत्तम आहे."

शेजारच्या टेबलावर प्लास्टरचे साचे ओतणारे दाढीवाले स्वतः पळतात. त्यांना विचारलं. म्हणाले, "बाकी काही बघू नका. बंद पडल्यावर दुकानदार आपल्याला ओळखतो का, तेवढं बघा."

८ मार्च, शनिवार

दुकानात गेले. विक्रेता पोरगेलासा नाही, चांगला टक्कल पडलेला, शांत माणूस. मी प्रश्नांची फैर झाडली. बॅटरी किती टिकते? झाडाखाली चालतं का? काच फुटली तर? तो न कंटाळता उत्तरं देत होता. मग मी मुद्द्यावर आले.

"माणूस पडला तर ते घरी कळवतं. खरंच कळवतं?"

"शंभर टक्के, मॅडम."

"तुम्ही पडून पाहिलंय का?"

तो थांबला. खरंच विचार करत होता बिचारा. मग त्याने घड्याळ मनगटाला बांधलं, इकडेतिकडे पाहिलं आणि गालिच्यावर आडवा झाला. घड्याळ गप्प.

"फार हळू पडलो," तो खालूनच म्हणाला.

उठला, स्टुलावर चढला आणि तिथून धाडकन पडला. घड्याळ थरथरलं, किंचाळलं, पडद्यावर आलं — तुम्ही ठीक आहात का? तो कोपर चोळत माझ्याकडे बघून इतका खुश झाला, की नाही म्हणायला जीभच रेटेना. घेतलं.

९ मार्च, रविवार

बाबांनी घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं. नको म्हणाले नाहीत, हे विशेष. लिफ्ट दुरुस्तीत जन्म गेला त्यांचा, यंत्र दिसलं की मऊ होतात. म्हणाले, "लोकांचा फोन यायचा, लिफ्ट बिघडली. जाऊन बघावं तर कुणीतरी दाराच्या फटीत चप्पल सारलेली. यंत्राला उगाच दोष देतात, चिमणे. करणारा माणूसच असतो."

१७ मार्च, सोमवार

पाय बरा. आज बाबा पहिल्यांदा घड्याळ घालून पळायला गेले. लॅबमध्ये फोन एका प्लास्टरच्या जबड्याला टेकवून ठेवला होता. निळा ठिपका कालव्याकाठाने टुकूटुकू चाललेला. बाबा! काय छान वाटलं म्हणून सांगू. दाढीवाल्यांनाही दाखवला. ते म्हणाले, "वेग चांगला आहे हो."

२० मार्च, गुरुवार

ठिपका थांबला. पुलाच्या जरा पलीकडे. वाटलं, श्वास घेत असतील. एक कॅप पूर्ण झाली, तरी तिथेच. फोन केला, उचलला नाही. पडल्याचा इशारा वगैरे काही नाही. पण गालिच्यावर पडल्यावर तरी कुठे आला होता?

दाढीवाल्यांची सायकल मागितली आणि निघाले. ॲप्रन अंगावर, केसांत प्लास्टर. पुलापाशी पोचते तर समोरून बाबा येताहेत. धडधाकट. गुणगुणत.

"तू इथे कशी?"

मी फोन पुढे करून ठिपका मघापासून कुठे थांबला होता ते दाखवलं. बाबांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग कालव्याच्या पाण्याकडे.

"बिघडलेलं दिसतंय," म्हणाले.

२२ मार्च, शनिवार

दुकानात जाऊन भांडले. म्हणजे भांडायच्या तयारीने गेले. त्या भल्या माणसाने लगेच नवीन घड्याळ दिलं. वर, "बाबा बरे आहेत ना?" असंही विचारलं. भांडणाची सगळी वाक्यं वाया गेली.

२४ मार्च, सोमवार

नव्या घड्याळाच्या पट्ट्याची कडी पहिल्याच धावेत तुटली. कमाल आहे. बाबा तिथे हिरवी सुतळी बांधून आले. गाठ इतकी नेटकी की परत दुकानात जायचं जिवावर आलं.

२६ मार्च, बुधवार

ठिपका परत थांबला. तीच जागा! या वेळी धावत गेले नाही, पण दाढ बिघडवली. बाबा संध्याकाळी म्हणतात, "तिथे झाडी दाट आहे ना." जन्मभर यंत्राची बाजू घेणारा माणूस दुसऱ्यांदा यंत्राला नावं ठेवतोय, आणि मी मान डोलावतेय.

२९ मार्च, शनिवार

विक्रेत्याने बाबांच्या धावांचे नकाशे मोठ्या पडद्यावर लावले. बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम, रेंज गेली की ठिपका उड्या मारतो. पाण्यात जातो, घरांवर चढतो. हा तसा नाही. हा थांबलाय. माणूस निवांत बसल्यावर थांबतो तसा."

"म्हणजे?"

"म्हणजे घड्याळ चांगलं आहे," तो फार अदबीने म्हणाला.

३० मार्च, रविवार

सकाळी बाबांना म्हटलं, आज घड्याळ मी घालून जाते, तपासून बघते. "कशाला उगाच, ऊन आहे," म्हणाले. मग, "तुझे बूट जुने झालेत." मग, "जायचंच तर पुलापर्यंत जा, पुढे चिखल असतो." मी गेले.

पुढे चिखल नव्हता. पुढे रोपांची नर्सरी होती. फाटकापाशी बुटाची नाडी बांधायला वाकले. आत एक बाई रोपं कुंड्यांत लावत होत्या. बाबांपेक्षा थोड्या लहान, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत माती. त्यांनी सहज माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मनगटाकडे. आणि हातातली कुंडी खाली ठेवून त्या सरळ धावतच आल्या.

"हे घड्याळ तुमच्याकडे कसं? ते बरे आहेत ना?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तो चेहरा ओळखला. सायकलवर बसले त्या दिवशी माझाही असाच असणार.

"बरे आहेत," मी आधी तेवढंच म्हणाले. "घरी आहेत. पेपर वाचताहेत."

त्यांनी फाटकाला धरून श्वास सोडला. मग सुतळीकडे बोट दाखवलं. "ही गाठ मी मारलीय. म्हणून घाबरले." आणि मग, "तुम्ही चिमणी का?"

घरातलं नाव! मला हसूच आलं. त्याही हसल्या, मग एकदम लाजल्या. चहा केला. रोपं लावायच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. खुंटीवर बाबांची निळी टोपी, जी गेल्या वर्षी हरवली म्हणून आम्ही सगळं घर पालथं घातलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, बाईंनीही पाहिलं.

खूप गप्पा मारतात म्हणे बाबा. घरी तर भाजीला मीठ कमी आहे हेही खुणेने सांगतात.

येताना राग येतोय का, ते तपासत आले. थोडा आला. मला सांगितलं नाही म्हणून. पण त्या बाई ज्या तऱ्हेने फाटकापर्यंत धावल्या ते आठवलं की टिकत नव्हता.

३१ मार्च, सोमवार

काल घरी आल्यावर बाबांनी पेपरमागून विचारलं, "काय, चालतंय का?"

"उत्तम चालतंय," मी म्हटलं. "बाईंनी चहाही छान केला."

पेपर बराच वेळ हलला नाही. मग मागून आवाज आला, "साखर जरा जास्त घालतात."

आज फोनवरचा तो नकाशा काढून टाकला. पडले तर कळवेल, तेवढं राहू दिलं. बाकी ते कुठे बसतात, किती वेळ बसतात, ते माझं काम नाही.

३ एप्रिल, गुरुवार

जेवताना बाबांना म्हटलं, "बाबा, लग्न करून टाका आता. मी काय नाही म्हणणार आहे का?"

त्यांनी घास ताटात परत ठेवला. म्हणाले, "त्यांनी विचारून खूप दिवस झाले गं. मीच थांबवलंय. तू आधीच सगळं सोडून इथे आलीस. तुला एकटीला घरात टाकून कसा जाऊ?"

आणि मी लॅबमध्ये, मैत्रिणींत, सगळ्यांना सांगत आले — बाबांना एकटं टाकवत नाही, म्हणून इथे राहते.